हृदयाचं बटण कोण दाबतंय?

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कापलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज सुरुवात एका शब्दापासून करते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मामाला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी घरात सगळ्यांचं "वजन वाढलंय, जरा चालायला जात जा" असं सांगून झालं. मग रात्री आडवं झालं की श्वास कोंडायला लागला, पायांवर सूज आली, तेव्हा कुठे टू-डी इको केला. रिपोर्टवर लिहिलेलं होतं: इडिओपॅथिक डायलेटेड कार्डिओमायोपॅथी.

डायलेटेड म्हणजे ताणून मोठं झालेलं. कार्डिओमायोपॅथी म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार. मामाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या, ब्लॉकेज कुठेच नव्हतं. पण हृदयाचा डावा कप्पा जुन्या फुग्यासारखा सैल पडला होता. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला या कप्प्यातलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलतं. याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. मामाचा आकडा होता २५.

आणि तो पहिला शब्द, इडिओपॅथिक? मामानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "म्हणजे कारण माहीत नाही." घरी येताना रिक्षात मामा मला म्हणाला, "एवढ्या मोठ्या शब्दाचा अर्थ 'माहीत नाही' एवढाच होय गं?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी वाचत गेले आणि एका जुन्या शोधाच्या गोष्टीत अडकले. काही रुग्णांमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती हृदयाच्या पेशीवरचं एक बटण दाबून धरते आणि सोडतच नाही, असा संशय काही शास्त्रज्ञांना आला होता. संशय ते पुरावा आणि पुरावा ते उपचार हा रस्ता किती लांब असतो, हे मला या गोष्टीमुळे कळलं. रस्त्यात तीन प्रश्न आहेत, ते आत्ताच सांगून ठेवते. आरोपी घटनास्थळी सापडला का? गुन्हा त्यानंच केला का? आणि त्याला तिथून हटवलं तर पेशंट बरा होतो का?

शरीर स्वतःवर उलटेल?

आधी थोडं मागे जाऊया. १९०० च्या आसपास जर्मनीत पॉल एअरलिश नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनी बोकडांवर प्रयोग केले. एका बोकडाला दुसऱ्या बोकडाचं रक्त टोचलं, तर त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध अँटीबॉडीज तयार झाल्या. पण स्वतःचंच रक्त टोचलं तर काहीच झालं नाही. यावरून एअरलिश म्हणाले की शरीर स्वतःला विष घालायचं टाळतं. या कल्पनेला त्यांनी लॅटिनमध्ये नाव दिलं, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. एखाद्या मेटल बँडला शोभेल असं नाव आहे!

एअरलिश यांचा दबदबा मोठा. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यामुळे झालं असं की 'शरीर स्वतःवर हल्ला करतच नाही' हा पुढे जवळजवळ नियमच बनला. १९०४ मध्येच डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी एका रक्ताच्या आजारात स्वतःविरुद्धची अँटीबॉडी दाखवली होती. तरी पुढची पन्नास वर्षं या विषयाकडे फार कुणी वळलं नाही.

दार उघडलं १९५६ साली. त्या वर्षी लंडनमध्ये थायरॉइडच्या रुग्णांत स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या आणि अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये तसाच आजार घडवून दाखवला. आपल्या गोष्टीसाठी मात्र त्याच वर्षीचा तिसरा शोध महत्त्वाचा आहे, न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा. तिथे अ‍ॅडम्स आणि पर्व्हिस हे दोघं थायरॉइड जास्त चालणाऱ्या रुग्णांचं रक्तद्रव गिनीपिगला टोचून बघत होते. नेहमीचं हार्मोन टोचलं की परिणाम पटकन दिसतो आणि पटकन ओसरतो. या रुग्णांच्या रक्तात मात्र असं काहीतरी होतं, ज्याचा परिणाम उशिरा सुरू व्हायचा आणि बराच वेळ टिकायचा. पुढे कळलं की ते हार्मोन नव्हतंच, ती अँटीबॉडी होती.

हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी गोष्ट यावर उभी आहे. अँटीबॉडी म्हटलं की आपल्याला सैनिक आठवतो, जो शत्रूला मारतो. पण इथे अँटीबॉडी कुणालाच मारत नव्हती. हार्मोनची जागा पकडून ती थायरॉइडचं बटण दाबत होती.

याच्या उलटही होतं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशातून स्नायूला हुकूम पोचवणारा रिसेप्टर वेगळा काढला आणि सशांना टोचला. त्यांना त्याविरुद्धच्या अँटीबॉडीज हव्या होत्या. त्या मिळाल्या, पण ससेच लुळे पडले! मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात माणसं जशी गळून जातात, तसेच. म्हणजे बटण दाबणाऱ्या अँटीबॉडीज असतात आणि बटण बंद पाडणाऱ्याही असतात.

हृदयावरची बटणं

आता हृदयाकडे येऊ. बस सुटायला आली आणि तुम्ही धावलात, की छातीत धडधडतं. का? शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतं, ती हृदयाच्या पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटतात, आणि पेशी जोरात आणि वेगानं आकुंचन पावायला लागते. या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन गट आहेत, हे १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट यांनी मांडलं. हृदयावर मुख्यतः असतो तो बीटा-१.

हा रिसेप्टर म्हणजे प्रथिनाची एक लांब दोरी. ती पेशीच्या भिंतीतून सात वेळा आतबाहेर ओवलेली असते. त्यामुळे पेशीच्या बाहेर दोरीचे तीन वेढे लोंबतात. यातला दुसरा वेढा लक्षात ठेवा. पुढे तोच घटनास्थळ ठरणार आहे.

या बीटा रिसेप्टरवर झाकण घालणारं औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात शोधलं, प्रोप्रॅनोलॉल. तिथून बीटा ब्लॉकर औषधांचं अख्खं घराणं सुरू झालं आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. या गोळ्यांकडे आपण परत येणार आहोत, कारण मामाच्या डब्यात सकाळच्या खणात अशीच एक गोळी असते.

ब्राझीलमधला किडा आणि अर्जेंटिनातला संशय

अँटीबॉडी हृदयाच्या रिसेप्टरला धरते, हा संशय पहिल्यांदा दक्षिण अमेरिकेत बळावला, आणि त्याला कारण होता चागास नावाचा आजार. १९०९ मध्ये ब्राझीलच्या लासांस गावात, जिथे रेल्वेचं काम चालू होतं, तिथे मलेरिया आटोक्यात आणायला गेलेल्या कार्लोस चागास या डॉक्टरनं हा आजार शोधला. मातीच्या घरांच्या भेगांत राहणारा, रात्री माणसाचं रक्त पिणारा किडा एक परजीवी पसरवतो. तो शरीरात गेला की बऱ्याच लोकांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. आणि मग वीस-तीस वर्षांनी काहींचं हृदय फुगतं.

डॉक्टरांना कोडं पडलं होतं. अशा हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर परजीवी अगदी तुरळक, कधीकधी तर सापडायचाच नाही. मग एवढं नुकसान कोण करतंय? ब्युनोस आयर्समध्ये लिओनोर स्टेरिन-बोर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात चागासच्या रुग्णांचं रक्तद्रव उंदराच्या हृदयाच्या तुकड्यावर टाकून बघितलं. त्या तुकड्याचं काम बदललं. १९८० च्या दशकात त्यांनी दाखवलं की हा परिणाम अँटीबॉडीचा आहे आणि ती बीटा रिसेप्टरला जाऊन चिकटते.

पुढे याचं एक पटण्यासारखं कारणही मिळालं. परजीवीच्या एका प्रथिनाचा छोटासा भाग आणि आपल्या बीटा-१ रिसेप्टरचा तो दुसरा वेढा यांच्यात साम्य आहे. शरीर परजीवीविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि चेहरा मिळताजुळता म्हणून ती हृदयाला जाऊन भिडते. चोराच्या वर्णनावरून भलत्यालाच पकडावं, तसं.

पण मामाला काही चागास नव्हता. ज्यांना असा कुठलाच परजीवी नाही, त्यांच्या फुगलेल्या हृदयाचं काय?

पूर्व बर्लिनमधली धडधडणारी बशी

आता चला १९८७ च्या पूर्व बर्लिनमध्ये. मधली भिंत अजून उभी आहे. शहराच्या उत्तर टोकाला बुख नावाचा भाग आहे, तिथे पूर्व जर्मनीच्या विज्ञान अकादमीची हृदयसंशोधन संस्था. तिथले ज्येष्ठ शास्त्रज्ञ अल्बर्ट वोलेनबर्गर हे स्वतः एका सिनेमाचा विषय होतील असे. नाझी आले म्हणून जर्मनी सोडली, अमेरिकेत हार्वर्डमध्ये संशोधन केलं, आणि तिथे मॅकार्थीच्या काळात डाव्या विचारांच्या माणसांमागे ससेमिरा लागला म्हणून अमेरिकाही सोडली. १९५० च्या दशकात ते पूर्व बर्लिनमध्ये आले. धडधडत्या हृदयाचा तुकडा क्षणात गोठवून आतली रसायनं जशीच्या तशी टिपण्यासाठी त्यांनी बनवलेला चिमटा आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो.

त्यांच्यासोबत होते गेर्ड वालुकाट. त्यांचा प्रयोग सांगायला अगदी सोपा आहे. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या हृदयाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या. या पेशी शरीराबाहेरसुद्धा आपल्याआप धडधडत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठोके मोजायचे. मग रुग्णाच्या रक्तातला अँटीबॉडीज असलेला भाग वेगळा काढून त्यात टाकायचा आणि परत मोजायचे.

कारण सापडलं नव्हतं अशा फुगलेल्या हृदयाच्या रुग्णांचा नमुना टाकला, तर ठोके वाढले. बशीत बीटा ब्लॉकर टाकला, तर वाढलेले ठोके परत खाली आले. म्हणजे ही अँटीबॉडी बीटा रिसेप्टरच दाबत होती.

एक गोष्ट त्याहून विचित्र होती. अ‍ॅड्रेनलिनसारखं औषध टाकलं की ठोके वाढतात, पण थोड्या वेळानं पेशी त्याला सरावते आणि वेग उतरतो. अँटीबॉडीचा परिणाम मात्र तासन्‌तास टिकायचा. कुणीतरी बेल वाजवून निघून जाणं वेगळं आणि कुणीतरी बेलच्या बटणाला पाठ टेकवून उभं राहणं वेगळं, नाही का? अशा पेशीला उसंत मिळत नाही. आत कॅल्शियम साठत जातं, ऊर्जा पुरत नाही, काही पेशी मरतात आणि त्यांच्या जागी आकुंचन न पावणारा चट्टा येतो. बाकीच्या पेशींवर ताण वाढतो. कप्पा फुगत जातो.

हा निबंध पूर्व जर्मनीतल्याच एका नियतकालिकात आला. दोन वर्षांनी भिंत पडली, आणि १९९२ मध्ये बुखमधल्या जुन्या संस्था मिळून माक्स डेलब्रुक सेंटर झालं. वालुकाट तिथेच काम करत राहिले. बशीतले ठोके मोजत.

१९८७ मध्येच माणसाच्या बीटा-१ रिसेप्टरची पूर्ण रचना अमेरिकेत रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेनं प्रसिद्ध केली. आता दोरीचा कुठलाही तुकडा प्रयोगशाळेत बनवता येणार होता. स्वीडनमधल्या योटेबोरी शहरात मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी तेच केलं, आणि १९९० मध्ये सांगितलं की रुग्णांच्या अँटीबॉडीज चिकटतात त्या दुसऱ्या वेढ्याला.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आरोपी घटनास्थळी सापडला होता.

पण किती रुग्णांत? इथे भांडण सुरू झालं, आणि ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. प्लास्टिकवर चिकटवलेला प्रथिनाचा तुकडा वापरून मोजलं तर एक आकडा, जिवंत पेशीवर मोजलं तर दुसरा, बशीतले ठोके मोजले तर तिसरा. कुणाला साधारण पाव रुग्णांत ही अँटीबॉडी मिळाली, कुणाला निम्म्याहून कितीतरी जास्त. कारण ही अँटीबॉडी त्या वेढ्याचा घडीव आकार ओळखते. वेढा सरळ करून प्लास्टिकवर लावला तर आकारच हरवतो.

उलटी वाटणारी गोळी

आता थोडं वळण. योटेबोरीमध्ये त्याच्या आधीच एक धाडस झालं होतं. १९७५ पर्यंत प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याला शिकवलं जायचं की हृदय अशक्त असेल तर बीटा ब्लॉकर देऊ नका. तर्क साधा होता. दमलेलं हृदय अ‍ॅड्रेनलिनच्या जोरावर कसंबसं चालतंय, तो जोर काढून घेतला तर माणूस जाईल.

फिन वॉगस्टीन, ओके यालमारसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तर्काच्या विरुद्ध जाऊन फुगलेल्या हृदयाच्या सात रुग्णांना बीटा ब्लॉकर दिलं. सातच. त्यांची तब्येत सुधारली. निबंध छापून आला आणि बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही. पुढे बरीच वर्षं वाद चालला. शेवटी १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यातली एक मेटोप्रोलॉलची, जवळपास चार हजार रुग्णांची, आणि तिच्या मागे होते तेच यालमारसन. दोन्ही चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की दोन्ही चाचण्या ठरल्या वेळेआधी थांबवल्या.

हे मी का सांगतेय? कारण बटण सतत दाबलं जाणं हृदयाला मारतं, ही गोष्ट या गोळीनं सिद्ध केली. बटण अ‍ॅड्रेनलिन दाबत असो की अँटीबॉडी, गोळी त्यावर झाकण घालते. यामुळे अँटीबॉडी हाच गुन्हेगार आहे असं मात्र सिद्ध झालं नाही. तो प्रश्न उरलाच.

गुन्हा कुणाचा?

शंका घेणारे म्हणत होते, 'अहो, हृदय आधी दुसऱ्या कशानं तरी बिघडलं असेल. व्हायरस असेल. पेशी फुटल्या, आतला माल बाहेर आला, म्हणून शरीरानं अँटीबॉडी बनवली. ती आगीनंतरचा धूर आहे, आग लावणारी काडी नाही.' शंका रास्त होती. निरोगी माणसांतही अशा अँटीबॉडीज कधीकधी सापडतात.

अँटीबॉडीला दोषी ठरवायचं कसं, याचे निकष विटेब्स्की यांनी १९५७ मध्येच मांडले होते, आणि १९९३ मध्ये रोझ आणि बोना यांनी ते पुन्हा तपासून मांडले. सगळ्यात कडक कसोटी अशी: अँटीबॉडी एका शरीरातून दुसऱ्या निरोगी शरीरात घाला. आजारही सोबत गेला, तर दोष तिचाच.

आधी जपानमध्ये मात्सुई आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सशांना त्या वेढ्याचा तुकडा टोचून त्यांच्या हृदयात तसेच बदल घडवले. मग २००४ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमध्ये रोलंड यान्स यांच्या गटानं कसोटी पूर्ण केली. माणसाच्या आणि उंदराच्या बीटा-१ रिसेप्टरचा दुसरा वेढा तंतोतंत सारखा असतो. त्यांनी उंदरांना दर महिन्याला तो टोचला. उंदरांत अँटीबॉडीज तयार झाल्या आणि कित्येक महिन्यांनी त्यांचं हृदय फुगलं, कमजोर झालं. मग या आजारी उंदरांचं रक्तद्रव त्याच जातकुळीच्या निरोगी उंदरांना दर महिन्याला दिलं. त्यांचंही हृदय फुगलं!

उंदरांपुरतं तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ही अँटीबॉडी एकटी हृदय बिघडवू शकते. माणसांमध्ये ती प्रत्येक वेळी हेच करते, असा याचा अर्थ नाही. फुगलेल्या हृदयाची कारणं अनेक आहेत. व्हायरस, दारू, काही औषधं, बाळंतपणाच्या आसपासचा काळ, आणि जनुकं. २०१२ मध्ये कळलं की घराण्यात चालत आलेल्या अशा आजारात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत टायटिन नावाच्या एकाच जनुकात बिघाड असतो. म्हणजे 'कारण माहीत नाही' या एका डब्यात आपण कितीतरी वेगवेगळे आजार कोंबले होते.

रक्त गाळून बघू

तिसरा प्रश्न. अँटीबॉडी काढली तर?

डायलिसिसचं मशीन बघितलंय ना? साधारण तसंच. रक्त बाहेर काढायचं, त्यातलं द्रव वेगळं करायचं, ते एका नळकांड्यातून फिरवायचं जिथे अँटीबॉडीज अडकून राहतात, आणि रक्त परत शरीरात सोडायचं. याला इम्युनोअ‍ॅडसॉर्प्शन म्हणतात. बर्लिनच्या डॉक्टरांनी हे करून बघितलं. २००० साली त्यांचे आकडे आले. एकूण ३४ रुग्ण, त्यातल्या निम्म्यांचं म्हणजे १७ जणांचं रक्त सलग पाच दिवस गाळलं. वर्षभरात त्यांचं सरासरी इजेक्शन फ्रॅक्शन सुमारे २२ वरून ३८ टक्क्यांवर गेलं. उरलेल्या १७ जणांत तसा फरक पडला नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी तेव्हाच मामाला मेसेज टाइप करायला घेतला होता. मग पुढचं वाचलं आणि तो डिलीट केला.

कारण रुग्ण थोडे होते. कुणाला कोणता उपचार मिळतोय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि नुसत्या आशेनंही माणसाला बरं वाटतं. शिवाय ते नळकांडं फक्त गुन्हेगाराला पकडत नव्हतं. त्यात आयजीजी जातीच्या सगळ्याच अँटीबॉडीज अडकायच्या, जंतूंपासून वाचवणाऱ्या चांगल्यासुद्धा. म्हणून ग्राइफ्सवाल्ड शहरातला गट रक्त गाळल्यावर निरोगी माणसांच्या अँटीबॉडीज परत भरायचा. पण मग फायदा झाला तो नेमका कशामुळे? एक धागा मात्र ग्राइफ्सवाल्डमध्येच सापडला. आयजीजीचा तिसरा उपप्रकार नीट न पकडणारं नळकांडं वापरलं तर रुग्णांना फायदा कमी झाला. म्हणजे गुन्हेगार त्या उपप्रकारात असावा.

अलीकडची गोष्ट तर तुमच्या फोनवरही आली असेल. सगळं रक्त गाळण्यापेक्षा फक्त या रिसेप्टरवाल्या अँटीबॉडीज निकामी करायच्या, यासाठी बर्लिनमध्ये डीएनएचा एक छोटा तुकडा औषध म्हणून बनवला गेला, बीसी ००७. मूळ विचार हृदयाचा. पण कोविडनंतर, लाँग कोविडच्या रुग्णांतही अशा अँटीबॉडीज सापडल्याचं सांगितलं गेलं. २०२१ मध्ये जर्मनीत एका रुग्णाला हे औषध देऊन बरं वाटल्याची बातमी आली आणि जगभरातले लाँग कोविडचे रुग्ण त्या औषधाकडे डोळे लावून बसले. २०२४ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट औषधाला गाठता आलं नाही. खोटं औषध घेतलेल्यांपेक्षा ते सरस ठरलं नाही.

लाँग कोविडमधलं अपयश म्हणजे हृदयातलंही अपयश, असं लगेच म्हणता येणार नाही. आजार वेगळे आहेत. पण पहिला प्रश्न सुटला म्हणून तिसरा सुटत नाही, हे यात लख्ख दिसतं. रक्तात काहीतरी सापडणं, ते दोषी असणं आणि ते काढल्यावर माणूस बरा होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या वेळी 'अमुक आजाराचं कारण सापडलं' असं फॉरवर्ड आलं की एवढंच विचारा, हे तीनपैकी कितव्या प्रश्नाचं उत्तर आहे?

परत रिक्षात

शेवटी मामाकडे येते, नाहीतर तो म्हणेल मला अर्ध्यात सोडलं.

मामाची ही अँटीबॉडी कुणी तपासलेली नाही. आजच्या घडीला ती नेहमीच्या तपासण्यांत नाही, आणि रक्त गाळण्याचा उपचार जर्मनी, जपानसारख्या ठिकाणी ठरावीक केंद्रांपुरता आहे. मामा रोज गोळ्या घेतो. त्यातली एक मेटोप्रोलॉल. त्याचं इजेक्शन फ्रॅक्शन आता ४० झालंय. दोन जिने चढतो, मध्ये एकदा थांबतो आणि थांबल्यावर 'मी तुझी वाट बघत होतो' असं सांगतो.

मध्यंतरी बरं वाटतंय म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं गोळ्या बंद केल्या होत्या. तेव्हा मी त्याला बर्लिनमधल्या बशीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "मामा, बटण कोण दाबतंय ते आपल्याला माहीत नाही. पण ही गोळी त्या बटणावरचं झाकण आहे. झाकण काढू नकोस." डॉक्टरांनी तेच वेगळ्या शब्दांत दहा वेळा सांगितलं होतं, पण गोष्ट त्याला पटली. तुमच्या घरात कुणी या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कमी करू नका, बंद करू नका. आणि घरात कुणाला असं फुगलेलं हृदय असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा डॉक्टरांना विचारून टू-डी इको करून घ्यावा, कारण जनुकांची शक्यता राहतेच. मामाच्या दोन्ही मुलांचा केला. नॉर्मल आला.

आणि तो शब्द. 'इडिओस' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ 'स्वतःचा'. 'पॅथोस' म्हणजे दुखणं. बाहेरून न आलेलं, स्वतःतूनच उगवलेलं दुखणं म्हणजे इडिओपॅथिक. 'कारण माहीत नाही' हा अर्थ डॉक्टरांनी नंतर चिकटवला. काही रुग्णांच्या बाबतीत तो जुना ग्रीक अर्थ शब्दशः खरा असू शकेल, असं या सगळ्या शास्त्रज्ञांना वाटत आलंय.

मी हे मामाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबर होतं, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं."

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरातल्या रिपोर्टवर असा कुठला शब्द असेल, ज्याचा अर्थ विचारायचा राहून गेलाय, तर मला कळवा. पुढचा एपिसोड कदाचित त्यावरच होईल. भेटूया!